'अननुवेज्ज' : ज्याचा ठाव लागत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज एकाच पाली शब्दावर बोलतो. अननुवेज्ज. जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा. मागोवा घेत गेलं तरी जो सापडत नाही, तो अननुवेज्ज. आपण म्हणू, म्हणजे बेपत्ता! तसं नव्हे. बेपत्ता माणसाला पत्ता असतो, आपल्याला तो ठाऊक नसतो एवढंच. इथं पत्ता हा प्रश्नच लागू पडत नाही.

मज्झिम निकायाच्या अलगद्दूपम सुत्तात हा शब्द येतो. मुक्त झालेल्याचं विज्ञान कशाच्या आधारानं राहिलं आहे, हे इंद्र, ब्रह्मा, प्रजापती यांना शोधूनही सापडत नाही, असं तथागत सांगतात. आणि हे मेल्यानंतरचं नाही बरं का, हयातीतलंच आहे. यावरून काही श्रमण-ब्राह्मण आपल्यावर सर्वनाश शिकवल्याचा खोटा आळ घेतात, हेही ते तिथंच सांगतात.

वच्छगोत्त परिव्राजकानं विचारलं, मुक्त भिक्खू मेल्यावर कुठं जन्मतो? तथागतांनी त्यालाच उलट विचारलं, विझलेली आग कोणत्या दिशेला गेली? गवत-लाकूड होतं तोवर आग होती. ते संपलं. आता पूर्व की पश्चिम, हे विचारणंच चुकतं.

पण ठिकाण नाही म्हणजे वस्तूच नाही, असंही नाही. मिलिंद राजानं प्रज्ञेबद्दल असाच पेच टाकला होता. नागसेनांनी त्याला विचारलं, वारा कुठं राहतो? राजाला जागा दाखवता येईना. म्हणून वारा नाही म्हणायचं का?

आता आपल्या वस्तीचं. हा शब्द मुक्तांसाठी आहे, तो सरसकट कुणालाही लावू नये. परंतु आपला माणूस गेला की चौकातल्या फलकावर आपलीच पोरं लिहितात, 'मृतात्म्यास शांती लाभो.' कोणता आत्मा? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) आत्मा नाकारला. देह पडला की पृथ्वी, आप, तेज, वायू हे आपापल्या समूहाला मिळतात, हे समजावून दिलं. १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानही सुटलं. पिंड सुटला, आणि फलकावरचा आत्मा तेवढा राहिला!

आईला लेकरू विचारतं, आजोबा कुठं गेले? 'देवाघरी' हे उत्तर पटकन तोंडात येतं, मला कळतं. त्यापेक्षा आजोबांनी काय केलं ते सांगा.

फलक लिहिणाऱ्या मुलांनी आधी विहारात यावं. मजकूर बसून ठरवू. खडू-फळा इथं आहेच. जयभीम.