रात्री दोनचा अंक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी झाली, धान घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंजहून नाटक मंडळ्यांच्या गाड्या निघतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत पोहोचतात. रात्री दहा-अकराला पडदा वर गेला की नाटक पहाटेपर्यंत चालतं. मोकळ्या बांधीत तणीस अंथरलेली असते, अंगावर घोंगडी असते आणि समोर नाटक.

लहानपणी अशाच एका नाटकाला मी गावातल्या एका म्हाताऱ्या नटाशेजारी बसलो होतो. त्यांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती. मला डुलकी लागलेली पाहून ते म्हणाले, "बाबू, पयला अंक सारेच करतेत. रात्री दोन वाजता जो लोकायले जागा ठेवते, तोच खरा नट."

हे वाक्य मला पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडलं. आज मी नाटकावर नाही, टीव्हीवरच्या अद्‌भुत वीरांवर बोलणार आहे. त्यातही त्यांच्या मालिकांच्या मधल्या भागांवर.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' नावाची जपानी मालिका लागायची. मी ती चंद्रपूरला मामांकडे सुटीत पाहिली. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम देणारा एक लहान मुलगा आणि त्याचं ऐकणारा डोंगराएवढा यंत्रमानव. मूळ मालिका जपानमध्ये १९६७-६८ साली झाली, भाग अवघे २६. यंत्रमानव त्या मुलाच्या हाती लागतो ती सुरुवात मला आठवते. शत्रूच्या सम्राटाला धरून तो आकाशात निघून जातो आणि स्वतःचा बळी देतो, तो शेवटही आठवतो. पण मधल्या भागांतले राक्षस? दर आठवड्याला एक नवा येई, शहर मोडी, मार खाई. आज त्यातला एकही मला धड सांगता येणार नाही.

पुढे मी शिक्षक झालो. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला. माझी नेमणूक होती त्या गावात टीव्ही मोजके आणि विजेचा भरवसा नाही. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची. शक्तिमानच्या वेळी शेजारच्या टोल्यावरची पोरं जंगलाच्या वाटेने तीन-तीन किलोमीटर चालत यायची. त्यातला एक पोरगा पायाने थोडा अधू होता, तोही यायचा. एकदा भाग संपल्यावर तो मला म्हणाला, "गुरुजी, आज त काहीच नाई झालं."

त्याच्या त्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. त्याला परत तीन किलोमीटर जायचं होतं आणि पुढच्या भागासाठी आणखी एक आठवडा काढायचा होता. मुलांच्या मालिकेचा एखादा भाग पडला तर काय बिघडलं, असं मोठी माणसं म्हणतात. बिघडतं. त्या पोराचा आठवडा बिघडतो.

'काहीच झालं नाही' म्हणजे काय, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. त्या भागात मारामारी होती, नवा दुष्ट होता, विजेचे लोळ होते. तरी काही झालं नव्हतं, आणि पोराचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शक्तिमानची सुरुवात जोरकस होती. सात चक्रं, पंचमहाभूतं, सूर्यांशी गुरूंची परंपरा, आणि तोच माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत चष्मा लावून वेंधळेपणा करणारा गंगाधर. मुकेश खन्नांनी ही दोन्ही रूपं मनापासून केली. पण २००५पर्यंत चाललेल्या त्या लांबलचक मालिकेत मधे मधे एक साचा तयार झाला. किल्विषने नवा हस्तक पाठवायचा, लोक घाबरायचे, शक्तिमानने गिरकी घेत यायचं आणि हस्तकाने हरायचं. भाग संपताना गंगाधर, गीता, किल्विष, सगळे सुरुवातीला होते तिथेच. भाग फिका पडला तो याच कारणाने. गोष्ट जिथून निघाली तिथेच परत आली की पाहणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं.

आता मालिका करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जपानमध्ये अशा मालिका बहुधा वर्षभर चालतात, चाळीस-पन्नास भाग, दर आठवड्याला एक. पैसा आणि जोम सुरुवातीला लागतो, कारण प्रेक्षक जमवायचा असतो. शेवटालाही लागतो, कारण तोच लक्षात राहतो. मधे काटकसर होते. जुनीच दृश्यं जोडून 'मागील कथा' सांगणारा भाग काढतात. शिवाय खेळणी विकणाऱ्या कंपन्यांचा हात या मालिकांमागे मोठा असतो. ठरल्या महिन्यात नवं शस्त्र, नवा पट्टा, नवं चिलखत पडद्यावर यायलाच हवं. मग गोष्ट शस्त्रासाठी वाकवली जाते. नायक त्या आठवड्यात जिंकतो तो शिकला म्हणून नव्हे, बाजारात नवा माल आला म्हणून. मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं.

या सक्तीतूनही वाट निघते. 'कामेन रायडर' ही प्रसिद्ध मालिका ३ एप्रिल १९७१ रोजी सुरू झाली. थोडेच भाग चित्रित झाले असताना नायकाचं काम करणाऱ्या हिरोशी फुजिओकांना चित्रीकरणात मोटारसायकलचा अपघात झाला, पाय मोडला. काही भाग जुनी दृश्यं आणि दुसऱ्याचा आवाज वापरून निभावले. मग चौदाव्या भागात ताकेशी सासाकी हा दुसरा रायडर आणला. पहिल्याचं रूपांतर पट्ट्यात वारा शिरल्यावर होई. नव्याने हात फिरवून 'हेन्शिन', म्हणजे 'रूप बदल', अशी हाक द्यायला सुरुवात केली, आणि जपानची पोरं गल्लीगल्लीत तेच करू लागली. मालिका ९८ भाग चालली. मालिका पडायची तिथेच ती उभी राहिली, कारण करणाऱ्यांना काहीतरी खरोखर बदलावं लागलं.

इथे एक फरक सांगितला पाहिजे. हलका भाग आणि फिका भाग या दोन गोष्टी वेगळ्या. पुष्कळ टीकाकार मधला विनोदी भाग दिसला की त्याला भरताड म्हणून मोकळे होतात. आपल्या झाडीपट्टीत असं कोणी म्हणणार नाही. इथे मध्यरात्रीनंतर विनोदी नट रंगमंचावर येतो तो गाव जागं ठेवायला. २०२३ साली पद्मश्री मिळालेले आपल्या जिल्ह्याचे परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोगांत कामं केली आहेत. असा नट हसवता हसवता सासू-सुनेचं, सावकाराचं, दारूचं काहीतरी सांगून जातो, आणि पुढच्या प्रवेशात रडायला आपण तयार झालेलो असतो. तो प्रवेश काढून टाकला तर नाटक लुळं पडेल. फिक्या भागाची खूण नेमकी उलटी: तो काढला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

आज चित्र बदललं आहे. पोरांच्या हाती मोबाइल आहे, भाग आवडला नाही तर बोटाने पुढे सरकवता येतो. नव्या मालिका पुष्कळदा आठ-दहा भागांतच संपतात. भरताड कमी झालं, हे चांगलंच. पण मला एक खंतही वाटते. मधल्या भागांतच तर आपण पात्रांच्या घरी राहायला जातो. सुरुवातीला ओळख होते, शेवटी निरोप असतो, सहवास मधलाच. म्हणून मधले भाग छाटा असं मी म्हणणार नाही. त्यांत काहीतरी घडू द्या, एवढंच म्हणेन. जग वाचवायची दर वेळी गरज नाही. गंगाधरने एखाद्या मित्राजवळ एक खोटं कमी बोलावं, तेवढंही पुरतं.

तो पोरगा आता बाप झाला आहे. मागच्या हंगामात मंडईच्या नाटकाला भेटला, मांडीवर लेक झोपलेली. रात्रीचे दोन वाजून गेले होते. रंगमंचावर विनोदी नट आला, पहिल्याच वाक्याला मंडपात हशा उठला आणि लेक दचकून जागी झाली. "बाबा, काय झालं?" तिने विचारलं. तो तिला सगळं सांगू लागला आणि बराच वेळ सांगतच राहिला.