तीन फळ्या आणि मी टाळलेले अकरा शनिवार

गेल्या भागात म्हणालो होतो की या वेळी नोकरी बदलण्यावर बोलू. ते पुढच्या वेळी. गेले दोन-अडीच महिने माझ्या डोक्यात एकच विषय आहे, तो म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या स्टोअरमधल्या फळ्या. हसा खुशाल. मीही हसलो असतो.

आम्ही वाकडला राहतो, भाड्याचा टू बीएचके. किचनला लागून एक कोनाडा आहे, 42 इंच रुंद, 30 इंच खोल, दार नाही. वर माळा. ब्रोकरने ‘स्टोअर रूम’ म्हणून दाखवला होता. मी एकटा होतो तोपर्यंत तिथे बॅडमिंटनची रॅकेट आणि रिकामी खोकी असायची. दिवाळीनंतर आई-बाबा साताऱ्याकडून कायमचे राहायला आले आणि त्यांच्याबरोबर घरचा तांदूळ, डाळी, पापड, कुरडया, लोणच्याची बरणी असं सगळं आलं. निम्मं जमिनीवर पिशव्यांत, निम्मं माळ्यावर. मी आईला म्हणालो, "या शनिवारी फळ्या लावून देतो." असे अकरा शनिवार गेले. मोजलेत मी.

मग एका मंगळवारी सकाळी माळ्यावरचा पोह्यांचा डबा काढायला आई प्लास्टिकच्या स्टुलावर चढली आणि स्टूल सरकलं. मी शेजारच्या खोलीत कॉलवर होतो, कानात हेडफोन. धप्प असा आवाज आला तेव्हा मला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी काहीतरी पाडलं. कॉल आणखी चार-पाच मिनिटं चालू ठेवला. बाहेर आलो तर आई भिंतीला टेकून बसलेली, डावं मनगट उजव्या हातात धरलेलं. फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लॅस्टर. गाडीत म्हणाली, "तुला हाक मारणारच होते रे, पण तुझी मीटिंग चालू होती." यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाराव्या शनिवारी मी ड्रिल आणलं.

घरमालक काकांना आधीच मेसेज टाकला होता. हे भाड्याच्या घरात राहणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो: भोक पाडायची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतली तरी चालेल. काका म्हणाले, पाडा, जाताना बुजवून द्या, फक्त डाव्या भिंतीला हात लावू नका, पलीकडे बाथरूम आहे आणि आत पाइप आहेत. हे विचारलं नसतं तर माझ्या स्टोअरमध्ये कारंजं उडालं असतं. मागच्या भिंतीच्या पलीकडे किचनचा स्विचबोर्ड आहे. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असू शकते, म्हणून तो पट्टा सोडला आणि भोक पाडताना त्या बाजूचा एमसीबी बंद ठेवला.

इथपर्यंत शहाणपणा. आता मूर्खपणा ऐका.

दोन व्हिडिओ बघितले, दोन एल ब्रॅकेट आणले, सोबत दुकानदाराने दिलेले लहान प्लॅस्टिकचे प्लग, सव्वा इंची. ड्रिलला हॅमर मोड असतो, तो चालू केला. भोक एवढं सहज पडलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. वर फळी ठेवली, फोनमधल्या लेव्हल ॲपने सपाटी बघितली, रात्री सगळं सामान रचलं. आईने बघून मान डोलावली. पहाटे तीनच्या सुमाराला ती फळी खाली आली. तेलाचा डबा, डाळी, आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी, जी आजीची होती. सकाळी आई एका हाताने तुकडे गोळा करत होती. मी म्हटलं, "आई, राहू दे, लागेल." तर म्हणाली, "लोणचं या मेमध्ये परत घालू. बरणी काय, जुनीच होती." बरणीबद्दल तेवढंच बोलली.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आता हात थरथरतात, ड्रिल धरता येत नाही. ते आले, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मागची भिंत भद्द वाजली, उजवीकडची ठण्ण. "अरे, ही वीट नाही आणि काँक्रीटही नाही. आधी भिंत बघायची, मग प्लग." नवीन बिल्डिंगमध्ये बऱ्याच भिंती एएसी ब्लॉकच्या असतात, मिस्त्री लोक ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका राखाडी ब्लॉक. भिंत म्हणून काही वाईट नाही, पण तिथे हॅमर मोड लावला की भोक आतून भुगा होऊन मोठं होतं. शिवाय माझ्या सव्वा इंची प्लगमधला अर्धा इंच तर नुसत्या गिलाव्यात होता. ब्लॉकमध्ये किती उरला, तुम्हीच बघा. उजवी बाजू मात्र कॉलम, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट. एकाच कोनाड्यात तीन प्रकारच्या भिंती.

आता थोडं गणित, कारण मला हे आधी सुचायला हवं होतं, बीटेकला फीज भरली होती. फळी आणि सामान मिळून साधारण 40 किलो. फळी 12 इंच खोल, म्हणजे वजन भिंतीपासून सरासरी 6 इंच पुढे. ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकावर फिरायला बघतं आणि वरचे स्क्रू भिंतीतून उपटायला बघतं. वरचा स्क्रू त्या टोकापासून 5 इंचांवर असेल तर ओढ 40 गुणिले 6 भागिले 5, म्हणजे 48 किलो. तोच स्क्रू 11 इंचांवर असता तर ओढ 22 किलोवर आली असती. वजन तेच, ओढ निम्म्याहून कमी. मी ब्रॅकेटचा लांब पाय फळीखाली घेतला होता आणि आखूड पाय भिंतीला. बरोबर उलटं. लांब पाय नेहमी भिंतीला लावायचा.

पण बाबांनी ब्रॅकेटच नको म्हटलं. तिन्ही बाजूंनी बंद कोनाडा आहे ना, मग फळी टांगायची कशाला, टेकवायची. मागच्या भिंतीला आडवी लाकडी पट्टी, उजव्या कॉलमला पट्टी, आणि डावीकडे भिंतीला भोक न पाडता प्लायची एक उभी फळी जमिनीवर उभी. तिच्यावर आतून छोट्या पट्ट्या, आणि मागची आडवी पट्टी तिला स्क्रूने जोडलेली, म्हणजे ती हलत नाही. डावीकडचं वजन थेट जमिनीवर. भिंतीतल्या स्क्रूवर मुख्यतः खालच्या दिशेने भार येतो, बाहेर उपटणारी ओढ फार कमी. हे मला ब्रॅकेटच्या एकाही व्हिडिओत दिसलं नाही. अर्थात ते व्हिडिओ ब्रॅकेटचेच होते.

दुसऱ्या खेपेला काय वापरलं ते पटापट सांगतो. ब्लॉकच्या भिंतीत 10 मिलिमीटर जाडीचे, 100 मिलिमीटर लांब नायलॉनचे फ्रेम प्लग, हॅमर बंद, नुसतं फिरवून भोक, आतला भुगा फुंकून साफ. फुंकताना डोळे मिटा, मी मिटले नव्हते. कॉलममध्ये हॅमर चालू, 8 चा मेसनरी बिट, 50 चे प्लग. बिट मध्येच अडला आणि कर्कश आवाज आला की समजा सळी लागली. जोर करायचा नाही, इंचभर सरकायचं. प्लाय 18 मिलिमीटर. दुकानात 303 आणि 710 असे दोन आकडे ऐकू येतात. 303 ओलसरपणा थोडाफार सहन करणारा साधा प्लाय, 710 पाण्यातही टिकणारा. कोरड्या स्टोअरला 303 चालतो. मी 710 घेतला, कारण तेल सांडणार आणि आई ओल्या फडक्याने पुसणार हे ठरलेलं. फळ्या दुकानातच मापाने कापून मिळतात, आणि कोनाडा तीन ठिकाणी मोजून सगळ्यात छोटं माप द्यायचं. फळीच्या पुढच्या कडेला दोन इंचांची उभी पट्टी मारली. तिने 42 इंचांची फळी मध्ये वाकत नाही आणि डबाही पुढे घसरत नाही.

आणि ते फोनचं लेव्हल ॲप. फोन पाठीवर ठेवला की कॅमेऱ्याचा उंचवटा खाली टेकतो आणि फोन तिरका होतो! माझी पहिली फळी त्यामुळेच पुढे कललेली होती. बाबांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीला थांबतं, तिथे पेन्सिलची खूण. त्यांच्या हातातलं टोक थरथरत होतं, म्हणून त्यांनी ते भिंतीला चिकटपट्टीने लावलं आणि पाणी थांबायची वाट बघितली. आम्ही दोघं असं गप्प उभे राहून काही केलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

उंची आईवरून ठरवली. तिला कोनाड्यासमोर उभं केलं, प्लॅस्टर गळ्यात, आणि उजव्या एका हाताने भरलेला डबा कुठून उतरवता येतो ते बघितलं. 48 इंच. सगळ्यात वरची फळी तिथेच. मधली 34 वर, खालची 20 वर, जमिनीवर चाकाच्या स्टँडवर गहू-तांदळाची पिंपं. वरची फळी फक्त 8 इंच खोल, मुद्दाम. एकच रांग बसते, मागे काही लपत नाही. माळ्यावर आता सुटकेस आणि आकाशकंदील, खायचं काही नाही.

रचायची वेळ आली तेव्हा मी शीट बनवली होती. प्रकार, वजन, खरेदीची तारीख, लेबलं छापलेली. साबुदाणा धान्यात, शेंगदाणे सुक्यामेव्यात. आईने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हे वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा बाहेर टीव्हीपाशी असतो." मग तिने लावलं. पोह्यांशेजारी शेंगदाणे, त्याला लागून रवा: सकाळचं सगळं एका हातात. साबुदाणा, वरई, राजगिरा एका कोपऱ्यात, उपवासाचं. डाळी मध्ये, कारण रोज लागतात. मी वाद घातला, अर्धा तास. मग लक्षात आलं की आपण कामावर सारखा लागणारा डेटा जवळ ठेवतो, तेच ती करतेय, तिला फक्त त्याचं नाव माहीत नाही. माझ्या लेबलांपैकी खरेदीची तारीख तेवढी राहिली, डब्याच्या बुडाला.

उघड्या फळ्यांचा तोटाही सांगतो. उजेड आणि फोडणीचा चिकट थर. लाल तिखटाचा रंग उजेडात उडतो, म्हणून तिखट, हळद, मसाले स्टीलच्या डब्यात. पारदर्शक डबे रवा आणि डाळींना, म्हणजे जाळी किंवा किडा बाहेरून दिसतो. रवा भाजूनच भरायचा. आणि जुन्यावर नवीन ओतायचं नाही. डबा रिकामा, धुतलेला, उन्हात खडखडीत वाळलेला, मगच भरायचा. हे आईचं, माझं नाही.

सगळा खर्च, ड्रिल सोडून, साडेतीन हजारांच्या आसपास. बरणी त्यात धरलेली नाही.

प्लॅस्टर निघालंय, व्यायाम चालू आहेत, पण ती अजून उजव्याच हाताने डबा उतरवते. पहिल्या महिन्यात दर रविवारी मी स्क्रू तपासतो, हलतोय का, गिलाव्याला चीर आहे का. परवा ते प्लास्टिकचं स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात दिसलं. मी ओरडणारच होतो. आई त्यावर बसून मेथी निवडत होती.

चला, भेटू पुढच्या भागात. नोकरीवर बोलू, नक्की.