पिकअप गाडीचा कल : स्पेसर की नवे शॉकअप?



पिकअप गाडी रिकामी उभी असताना तुम्ही तिच्याकडे कधी बाजूने पाहिले आहे का? नसेल तर आज पाहा. पुढे नाक थोडे खाली आणि मागचा हौदा उचललेला, असं तिचं रूप दिसतं. जणू पुढे कोणाला तरी वाकून नमस्कार करते आहे! टोयोटाची हायलक्स आपल्या देशात २०२२ साली विक्रीला आली. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस त्याआधी, २०१६ मध्ये आली. या गाड्या घेणारे सगळेच काही भाजी किंवा सिमेंट वाहण्यासाठी घेत नाहीत. कोणी शेतावर जाण्यायेण्यासाठी घेतो, कोणी घरच्या मंडळींना घेऊन डोंगरात फिरण्यासाठी. आणि गाडी घरी आली की चार-सहा महिन्यांत गॅरेजवाल्याला प्रश्न जातोच, "हा पुढचा उतार काढता येईल का हो?"

प्रश्न मूळचा अमेरिकेतला. तिकडे पिकअप ही घरची गाडी झाली त्याला किती तरी वर्षे लोटली. फोर्डच्या एफ मालिकेतील पिकअप तेथे १९७७ पासून सर्व पिकअपांत जास्त खपत आल्या आहेत. साहजिकच, गाडीचे नाक उचलून ती सपाट करून देणे हा तेथे एक नेहमीचा धंदाच होऊन बसला. त्याचे दोन मार्ग. एक, पुढच्या स्प्रिंगच्या जुळणीवर ठोकळा बसवायचा. त्याला स्पेसर म्हणतात. दुसरा, उंची कमीजास्त करता येईल असे नवे, चांगल्या जातीचे शॉकअप घालायचे. यांपैकी कोणता घ्यावा, आणि मुळात घ्यावा की नाही, एवढ्याचाच आज विचार करू.

पण आधी हा उतार ठेवलाच का, ते पाहिले पाहिजे. कारखानदार काही वेडा नसतो. आपल्या बैलगाडीचेच घ्या. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा जोर लागेनासा होतो. ओझे पुढे जास्त झाले तर सगळा भार बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून जाणता गाडीवान पोती भरताना दोन्हीकडचा तोल पाहतो. पिकअपमध्ये ही सोय कारखान्यातच करून ठेवलेली असते. हौद्यात माल पडला की मागचे कमानपाटे दबतात आणि गाडी सपाट होते. म्हणजे रिकाम्या गाडीचा उतार हा भरलेल्या गाडीचा सपाटपणा आहे. आता रिकामी गाडीच जर आपण सपाट केली, तर माल भरल्यावर काय होईल? मागचे बूड खाली बसेल, नाक आभाळाकडे जाईल. थोडक्यात गाडी उलाळ होईल. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलके, पोकळ लागते, आणि ब्रेक दाबल्यावर पुढच्या टायरांनी रस्ता जसा धरायला हवा तसा धरला जात नाही.

तेव्हा पहिला निर्णय येथेच होऊन जातो. ज्याच्या हौद्यात आठवड्यातले चार दिवस खते, पाण्याच्या टाक्या किंवा बांधकामाचे सामान असते, त्याने या भानगडीत पडू नये. त्याच्या गाडीचा उतार हा दोष नव्हेच. ज्याची गाडी बहुधा रिकामी किंवा माणसांनीच भरलेली असते, त्याने पुढचे ऐकावे.

आता स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या कामातला फरक. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. मागे कमानपाट्यांची, पुढे गुंडाळीची. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग मोकळी सुटली की खालीवर नाचत राहील. तो नाच थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, दट्ट्या हलला की ते तेल बारीक भोकांतून जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरून जाते. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप तापलेला असतो तो यामुळेच.

यातून एक साधी गोष्ट निघते. नुसता भारी किमतीचा शॉकअप घातला म्हणून गाडी उंच होणार नाही. गॅसच्या दाबाने केसभर उचलली गेली तर तेवढीच. उंची वाढवायची तर स्प्रिंगची बैठक हलवावी लागते. उलट, "रिकामी असताना गाडी मागून उडते" अशी ज्याची तक्रार आहे, त्याने पुढे कितीही ठोकळे घातले तरी ती तक्रार जाणार नाही. त्याला चांगले शॉकअप हवेत, उंची नको. म्हणून आपल्याला नक्की काय हवे आहे, हे आधी स्वतःला विचारा: रूप, की चाल?

आता स्पेसर. याचे दोन प्रकार. पहिला ठोकळा स्प्रिंग आणि शॉकअपच्या संपूर्ण जुळणीच्या डोक्यावर, जुळणी आणि चासी यांच्यामध्ये बसतो. हे काम स्वस्त, आणि स्प्रिंग सोडवावी लागत नसल्याने थोड्या तासांत होणारे. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, म्हणून गाडीची चालही बहुतेक तीच राहते. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. जुळणीचे खालचे टोक आर्मच्या साधारण मध्यावर असते, चाक मात्र आर्मच्या शेवटच्या टोकाला. त्यामुळे ठोकळा एक इंचाचा घातला तर चाकाजवळ गाडी जवळजवळ दोन इंच उचलली जाते. "दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंचांचा ठोकळा दे" असं सांगणाऱ्याची गाडी चार इंच वर जाऊन बसेल!

या प्रकाराची खोड अशी की, गाडी खड्ड्यावरून उडून चाक खाली लोंबते तेव्हा ते पूर्वीपेक्षा जास्त खाली जाते. वरचा बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेपर्यंत ताणला जातो. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, तर पुढच्या एक्सलचे सांधे जास्त तिरके होऊन फिरतात. त्यांवरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि पुढे सांधा गेलाच म्हणून समजा.

दुसरा ठोकळा स्प्रिंगच्या डोक्यावर, जुळणीच्या आत बसतो. त्यात स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. जुळणीची लांबी वाढत नाही, त्यामुळे सांधे फारसे ताणले जात नाहीत. पण चाकाला खाली जायला वाव कमी उरतो. गतिरोधकावरून उतरताना "ठक्" असा आवाज आणि धक्का बसतो तो त्यामुळे.

आता उंची बदलता येणारे शॉकअप. यांच्या नळीवर एकाखाली एक खाचा असतात. खाचेत कडी अडकवायची आणि तिच्यावर स्प्रिंगची खालची बैठक ठेवायची. वरची खाच घेतली की गाडी उंच. थोडा विचार केलात तर ध्यानात येईल की हे कामही आतल्या ठोकळ्यासारखेच आहे; स्प्रिंग आधी दाबूनच उंची मिळवली जाते. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते शॉकअपचे. अशा शॉकअपमध्ये बहुधा एकच नळी असते आणि तेल व दाबलेला नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरता दट्ट्या असतो. ही रचना फ्रान्समधील द कार्बाँ या संशोधकाची. जर्मनीच्या बिलस्टाइन कारखान्याने ती १९५७ मध्ये मर्सिडीज मोटारींसाठी कारखानदारी पद्धतीने बनवायला सुरुवात केली. गॅस वेगळा राहिल्याने तेलाला फेस येत नाही, आणि दगडगोट्यांच्या वाटेवर तासभर चालूनही शॉकअप ढिला पडत नाही. शिवाय उंच झालेल्या गाडीचा विचार करूनच त्याचे झडप जुळवलेले असते. स्पेसर घातल्यावर मात्र जुन्या शॉकअपला नव्या उंचीचे काम जुन्याच अंगाने करावे लागते.

मग निवड कशी करावी? ती तुमच्या जुन्या शॉकअपच्या प्रकृतीवर ठरवा. गाडी नवी आहे, शॉकअप ठणठणीत आहेत, फिरणे डांबरी रस्त्यावरचे आहे आणि इंच-दीड इंच नाक उचलले म्हणजे समाधान आहे, तर चांगल्या कंपनीचा पातळ स्पेसर पुरे. पण शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसते, टायर लाटालाटांनी झिजले आहेत, ब्रेक मारल्यावर गाडी डोलत राहते, तर त्याच्या डोक्यावर ठोकळा ठेवणे म्हणजे गळक्या घराला रंग देणे. शॉकअप बदलायचेच आहेत, मग उंचीवाले घ्या. मजुरी एकदाच पडेल. कच्च्या वाटेने, घाटमाथ्यावर नेहमी जाणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा. कोणताही मार्ग घ्या, दोन इंचांच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे सामान्यतः वरचे आर्मही बदलावे लागतात आणि खर्चाला अंत राहत नाही. आणि दोन्ही एकावर एक, म्हणजे वरच्या खाचेतला शॉकअप आणि त्यावर ठोकळा, असे तर मुळीच करू नका.

माप घेण्याची रीत सांगतो. सपाट जागा पाहा, टायरमध्ये बरोबर हवा भरा. नेहमी गाडीत जे सामान असते, ते राहू द्या. मग हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांशी टेपने मोजा. पुढच्या-मागच्या मापांत जो फरक येईल तो सगळा भरून काढू नका. अर्धा-पाऊण इंच मागे उंच राहू द्या. सुट्टीत घरची मंडळी आणि सामान घेऊन निघालात की तेवढा लागतोच.

एक धोक्याची सूचना. दाबलेली स्प्रिंग हे फार वाईट जनावर आहे. योग्य शिकंज्याशिवाय तिची नट सोडली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. हे काम अंगणात करू नये. तसेच लेथवर कोणी लोखंडाचा तुकडा कापून देतो म्हणून तोही घेऊ नये.

काम झाले की चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाऊन जातील. आणि हेडलाइट! ते कोणाच्या लक्षातच येत नाहीत. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३०८५ मिलिमीटर अंतर आहे. पुढून ५० मिलिमीटर उचललेत, तर ३० मीटरवर प्रकाशाचा झोत जवळजवळ अर्धा मीटर वर जातो. म्हणजे बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. रात्री घाटाच्या वळणावर समोरचा दुचाकीवाला क्षणभर आंधळा झाला, तर त्या क्षणाची किंमत कोणी मोजायची? तेव्हा दिवे खाली जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

राहता राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखानदाराने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठासून सांगितली. झिजलेल्या शॉकअपच्या जागी मूळ मापाचे नवे शॉकअप घालणे ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. म्हणून ठोकळा विकत घेण्याआधी आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करा. अपघातानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

आणि विचारणेचे उत्तर नकारार्थी आले, तरी हिरमुसून जाऊ नका. मूळ उंचीचेच चांगले शॉकअप घाला. गाडी दिसायला पूर्वीसारखीच राहील, पण खड्ड्यातून जाताना मागच्या सीटवरच्या आजींना फरक नक्की कळेल. आणि हौद्यात दहा पोती पडली, की तुमची पिकअप आपणहून सपाट होईलच!