कचेरीचे गुपित



आपली अनेक मुलेमुली आज गुरुग्राम-नोएडातील वित्तकंपन्यांत अधिकारपदांवर आहेत. म्हणून आम्ही एका नाजूक विषयाला हात घालतो : आतल्या माहितीवर केलेली शेअरची खरेदी-विक्री.

गुरुग्रामशी निगडित इंडियाबुल्स व्हेंचर्स ही कंपनी पुढे ‘धनी’ या नावाने लहान कर्जे देऊ लागली. तिच्या शेअरमधील 2017 च्या व्यवहारांबाबत सेबीने मे 2021 मध्ये अंतरिम आदेश काढला. माहिती जाहीर होण्याआधी तिच्या आधारे शेअर घेतल्याचा प्रथमदर्शनी ठपका त्यात होता. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. आमचा रोख व्यक्तींवर नसून रीतीवर आहे.

हप्ते थकू लागले, नवे भांडवल येणार, उपकंपनी विकली जाणार, हे आतल्यांना आधी कळते. त्या बळावर त्यांनी घेतलेला शेअर विकणारा कुणी निवृत्त शिक्षकही असेल. फसवणूक होते ती त्याची. 2015 च्या नियमांनुसार अशी माहिती हाती असलेला प्रत्येक जण ‘आतला’ ठरतो, मग तो मेहुणा असो वा शेजारी. कामाशिवाय ती सांगणेही निषिद्ध आहे. दंड किमान 10 लाख रुपये. कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतील जे अधिक असेल ते.

परमुलखात आपण एकमेकांना भाड्याची जागा सुचवतो, नोकरी सुचवतो, स्थळेही सुचवतो. हा जिव्हाळा हेच आपले धन. परंतु कचेरीचे गुपित ही मालकाची आणि भागधारकांची ठेव आहे. ती आपल्या घरच्या पंगतीत वाढण्याची वस्तू नव्हे. मुलांनी मौन पाळले, तर आपण ‘काही आतली खबर?’ असे विचारून त्यांना संकटात टाकू नये, एवढीच आमची विनंती.