खाणीची धूळ आणि गावाचे आरोग्य
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विषय दूरदेशचा असला तरी त्यातील बोध घरोघरी उपयोगी पडणारा आहे.

दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का नावाचे गाव आहे. १८९३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या केप ॲसबेस्टॉस कंपनीने त्या प्रदेशात निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणी चालविल्या. पुरुष खाणीत उतरत. स्त्रिया व मुले हातोडीने दगड फोडून तंतू वेगळे करीत. गावातील गिरणीची धूळ घरांवर बसे. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की, ते श्वासाबरोबर फुफ्फुसात शिरून तेथेच रुततात. त्यांपासून होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो.

१९६० साली वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड या संशोधकांनी अशा ३३ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधी काम केलेच नव्हते. खाणीच्या परिसरात ते राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध!

१९७९ साली कंपनीने तेथील व्यवसाय सोडला. रोग मात्र मागे राहिला. पीडितांनी लंडनमध्ये दावे लावले, तेव्हा हे दावे दक्षिण आफ्रिकेतच चालावेत, असा पवित्रा कंपनीने घेतला. तेथे वकील व तज्ज्ञ यांचा खर्च या गरिबांना झेपणार नाही, हे ध्यानी घेऊन जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने इंग्लंडमध्ये दावे चालविण्यास अनुमती दिली. अखेर २००३ साली सुमारे साडेसात हजार दावेदारांसाठी पंचाहत्तर लाख पौंडांवर तडजोड झाली. म्हणजे सरासरी माणशी एक हजार पौंड! तोवर अनेक वादी मृत्यू पावले होते.

यातून आपण काय घ्यावे? आपल्याकडे पांढऱ्या ॲसबेस्टॉसचे सिमेंटी पत्रे आजही छपरांवर आहेत. ते स्वतः कापू वा फोडू नयेत. धुळीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरी आणू नयेत, कारण त्या धुळीने घरची माणसेही आजारी पडतात. नोकरीचे दाखले व छातीची क्ष-किरण छायाचित्रे जन्मभर जपून ठेवावीत. रोग उशिरा येतो, आणि पुरावा मागितला जातो तो त्या वेळी.

असे कागद जपण्याकामी कुटुंबांस साहाय्य करण्याचे कार्य आपल्या मंडळाने अंगीकारावे, अशी आमची नम्र सूचना आहे.