आधी खडी, मग काँक्रीट

कार्बनेशन, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावण्याची क्रिया, हा शब्द ऐकताच बांधकामाशी संबंधित माणसाला गंजलेली सळई आठवते, आणि ती भीती निराधार नाही. कारण या क्रियेने काँक्रीटचा सामू साधारण 13 वरून 9 च्या खाली उतरला की सळईवरील संरक्षक पटल नाहीसे होते. परंतु पाडकामाच्या राडारोड्यातून निघालेल्या खडीला हाच वायू नव्या काँक्रीटमध्ये मिसळण्यापूर्वी दिला, तर तो उपकारक ठरतो. ‘मिसळण्यापूर्वी’ हा शब्द श्रोत्यांनी विसरू नये.

अशा खडीची उणीव मूळ दगडात नसते. इमारतीत अनेक वर्षे राहूनही काळा दगड काळा दगडच राहतो. उणीव असते ती त्याला चिकटून राहिलेल्या जुन्या सिमेंट-वाळूच्या थरात. हा थर सच्छिद्र असल्यामुळे ती खडी नव्या खडीच्या कित्येक पट पाणी शोषते, मिश्रणातील पाणी ओढून घेते आणि सुकताना काँक्रीट अधिक आकसते.

येथे माठाचा विचार करावा. नवा माठ पाझरतो म्हणून त्यातील पाणी गार होते; जड पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे त्याच्या छिद्रांत साचले की पाझर थांबतो आणि गृहिणी तो माठ बाजूला ठेवते. माठाच्या बाबतीत जो दोष, तोच खडीच्या बाबतीत गुण होय. जुन्या थरातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी वायूचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते, त्याचे आकारमान मूळ पदार्थापेक्षा सुमारे 11 ते 12 टक्क्यांनी अधिक असते, आणि माठाला जे साधण्यास वर्षे लागतात ते बंद टाकीत अल्पावधीत साधते. मात्र खडी फार कोरडी असेल तर वायू विरघळण्यास पाणी मिळत नाही आणि चिंब असेल तर छिद्रांत वायू शिरत नाही. म्हणून मध्यम ओलावा राखणे आवश्यक असते.

ही क्रिया खडीपुरती आधीच उरकलेली असल्याने नंतर घातलेले ताजे सिमेंट आपली अल्कता राखून असते, आणि सळईला संरक्षण त्या सिमेंटचे मिळते. कार्बनेशनच्या नावानेच ही पद्धत नाकारणाऱ्यांनी एवढा भेद तरी ध्यानात घ्यायला हवा. फ्रान्समध्ये 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘फास्टकार्ब’ प्रकल्पात सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातील वायूच या कामी वापरून पाहण्यात आला. समुद्रकाठच्या इमारतींच्या राडारोड्याबाबत मात्र सावधगिरी हवी, कारण जुन्या सिमेंटने बांधून ठेवलेले क्लोराइड कार्बनेशनने मोकळे होते आणि ते सळईला घातक असते; त्याचे विवेचन या वेळेत मावणारे नाही.

भारतीय मानक 383 च्या 2016 मधील आवृत्तीने पुनर्वापरित काँक्रीट खडीला साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, एम 25 प्रतीपर्यंत, 20 टक्के अशी मोकळीक दिलेली आहे. मुंबई-पुण्यात पुनर्विकासासाठी इमारती पाडणाऱ्यांनी काँक्रीटचा राडारोडा विटा, माती व जिप्सम यांत कालवून टाकू नये. तो पाडतानाच वेगळा काढावा, आणि निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांनी कार्बनेशन खडीचे व मिसळण्यापूर्वी करावयाचे आहे, असे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद करावे.