कोळशाने काढलेली माणसे

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळी दिवे लागतात तेव्हा उजेडामागील खाण कोणास आठवत नाही. चंद्रपूरची वीज १९९९ पासून साडेसातशे किलोमीटर ओलांडून मुंबईच्या वेशीवरील पडघ्यास पोहोचते. धूळ मात्र चंद्रपुरातच राहते.

त्याच जिल्ह्यातील सास्ती गावी १९८६ साली प्रभाकर पाचपुते जन्मले. घराण्याच्या तीन पिढ्या कोळसाखाणीत राबल्या. खैरागड व बडोदा येथे शिल्पकला शिकलेल्या या कलावंताने २०१२ साली मुंबईत क्लार्क हाऊसच्या भिंतींवर कोळशानेच खाणीचे जग रेखाटले. अशी भित्तिचित्रे प्रदर्शनानंतर सहसा पुसली जातात. भिंत विकत घेऊन घरी नेता येत नाही. तेवढ्यापुरती कला क्रयवस्तू होण्याचे नाकारते.

त्यांचे कॅनव्हास बाजारात जातात, हेही मान्य केले पाहिजे. बाजारापासून सुटका एकट्याला साधत नाही. वेल्स हीही कोळशाचीच भूमी. तेथील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार २०२१ साली सहाही कलावंतांत समान वाटला गेला. पाचपुते त्यांपैकी एक होते.

विजेच्या दरात गेलेली शेते आणि काजळलेली फुफ्फुसे धरलेली नसतात. चित्रकार ती भिंतीवर दाखवतो. त्यांचा हिशेब मागणे हे उजेडात बसलेल्यांचे काम आहे.